घरातला बॅकअप घराबरोबरच गेला तर?

गेल्या अंकात हार्ड डिस्क किती वर्षं टिकते यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात बऱ्याच जणांची काळजी एकच, की डिस्क चांगली आहे, बॅकअपही घेतो, पण घरालाच आग लागली किंवा पाणी शिरलं तर काय. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न: दादा, दिवाळीत आमच्या वरच्या फ्लॅटला आग लागली. आमच्यापर्यंत आली नाही, पण तेव्हापासून माझी झोप उडालीय. मी लग्न-मुंजींचे फोटो काढतो, आठ वर्षांचं काम चार हार्ड डिस्कवर आहे आणि त्या चारही मी लोखंडी कपाटात ठेवतो. आता फायरप्रूफ तिजोरी घ्यायचा विचार आहे. ती घेतली की काळजी मिटेल का? (कोथरूडचे एक वाचक)

नाही मिटणार. तिजोरी घेऊ नका असं म्हणत नाही मी, पण तिच्या भरवशावर राहू नका, आणि का ते नीट सांगतो कारण हे दुकानदार सांगत नाहीत.

बाजारात जी फायरप्रूफ म्हणून तिजोरी मिळते ती बहुतेक वेळा कागदांसाठी बनवलेली असते. कागद पेट घ्यायला साधारण २३० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून कागदाच्या तिजोरीचं अमेरिकन मानक एवढंच बघतं की बाहेर आग असताना आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाऊ नये. कागद त्यात वाचतो, हार्ड डिस्क नाही वाचत. हार्ड डिस्क बंद असतानासुद्धा साधारण ७० अंशांपर्यंतच ठेवावी असं कंपन्याच सांगतात. डेटासाठी जी वेगळी तिजोरी असते तिच्यात आतलं तापमान ५२ अंशांच्या आणि दमटपणा ८० टक्क्यांच्या आत राहावा लागतो. ती जड असते, महाग असते, आणि घरगुती दुकानात सहसा दिसतही नाही.

दमटपणाचं का म्हणतोय तर साध्या तिजोरीच्या भिंतीत जो माल भरलेला असतो त्यात पाणी धरून ठेवलेलं असतं, आग लागली की त्याची वाफ होते आणि ती वाफच आतला भाग थंड ठेवते. कागदाला ते चालतं, दमट होतो आणि वाळतो, पण डिस्कच्या सर्किटला ती वाफ नको असते. शिवाय तिजोरीवर अर्धा तास, एक तास असं लिहिलेलं असतं, ते त्या वेळेपुरतंच. चाचणीच्या भट्टीत तासाभरात तापमान सव्वानऊशे अंशांवर जातं, आणि घरातली आग काही तास मोजून विझत नाही. आणि हो, आग विझल्या विझल्या तिजोरी उघडायला जाऊ नका, आत तापलेलं असतं, अचानक हवा मिळाली तर वाचलेला कागदसुद्धा भडकतो. पूर्ण गार होऊ द्या.

तुमचं कपाट तर तिजोरीसुद्धा नाही, नुसता पत्रा आहे. आग लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी एका ओळखीच्या घरी गेलो होतो, तिथलं असंच कपाट बाहेरून फक्त काळं पडलेलं, किल्लीने उघडलंसुद्धा. खालच्या कप्प्यात फायली होत्या, कडा तपकिरी झालेल्या पण रेशनकार्डावरची नावं वाचता येत होती. आणि त्या फायलींच्या शेजारीच हार्ड डिस्कचा प्लास्टिकचा डबा वितळून पत्र्याला चिकटलेला, वायर कुठे संपते आणि डिस्क कुठे सुरू होते कळत नव्हतं. त्या घरातल्या वहिनींनी तो चाकूने खरवडून काढला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला, यातून काही निघेल का म्हणून. नाही निघालं काही.

तुमच्या चार डिस्कवर वेगवेगळी कामं आहेत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, म्हणजे प्रत्येक लग्नाची एकच कॉपी आहे. हा बॅकअप नाही, हे गोडाऊन झालं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने, म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या माणसाने, तीन-दोन-एक हा नियम लोकप्रिय केला: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझ्या मते त्यातला शेवटचा एक सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच गाळतात. तिजोरीला जे पैसे ठेवलेत त्यातून आधी आणखी चार डिस्क घ्या, सगळ्याची दुसरी कॉपी करा आणि ती उचलून दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. उरले पैसे तर तिजोरी, कागदपत्रांसाठी ती खरंच चांगली.

प्रश्न: घरात दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) बसवलाय, एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं असतं. हे पुरे ना? (बाणेर)

एक डिस्क बिघडली तर पुरे. आग, पाणी, चोरी यातल्या कशालाही नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. चुकून फोल्डर डिलीट केलं तर तेही दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. आणि वळवाच्या पावसात वीज पडून लाइनमध्ये झटका आला तर दोन्ही एकदमच बसतात, एप्रिल-मेमध्ये माझ्या दुकानात अशा केसेस दरवर्षी येतात. म्हणून बॅकअपची डिस्क काम झालं की वायर काढून ठेवायची. सगळ्या फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस असतात, तेसुद्धा जोडलेल्याच डिस्कपर्यंत पोचतात.

प्रश्न: आमचं घर तळमजल्यावर, आंबिल ओढ्यापासून जवळ. २०१९ला पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर गेला तो गेलाच. परत असं झालं आणि हार्ड डिस्क भिजली तर तांदळात ठेवायची का? बहीण म्हणते हेअर ड्रायर मार. (सहकारनगर)

ताई, दोन्ही नको. आणि काही झालं तरी ती जोडून चालू आहे का ते बघायचं नाही, ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून इतक्या कमी अंतरावरून जातं की मधे धुळीचा कणसुद्धा मावत नाही. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, ड्रेनेज असतं. ते वाळलं की गाळ चकतीवर पापुद्र्यासारखा बसतो आणि मग वीज दिली की हेड त्यावरून खरवडत जातं. २०१९च्याच सप्टेंबरात, २५ तारखेच्या त्या पुराच्या रात्रीनंतर, एक बाई दुकानात आल्या होत्या. डिस्क छान पुसून, चार दिवस गॅलरीत उन्हात वाळवून आणली होती, आणि घरी दोनदा लावूनही बघितली होती. लावली की आतून टकटक टकटक आवाज यायचा म्हणाल्या. मुलाच्या बारशापासूनचे व्हिडिओ होते त्यात. त्यांनी ती ओलीच आणली असती तर बरंचसं निघालं असतं असं मला आजही वाटतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, ओली वस्तू वाळवायची हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच आहे, फक्त इथे ते उलटं आहे.

तर भिजली की तशीच ओलसर फडक्यात गुंडाळायची, हवा जाणार नाही अशा पिशवीत बंद करायची आणि जेवढ्या लवकर होईल तेवढ्या लवकर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. नेहमीचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नव्हे, ज्याच्याकडे डिस्क उघडायची स्वच्छ खोली आहे असा. खर्च बराच येतो हे आधीच सांगून ठेवतो.

तोवर आजच्या आज करण्यासारखं एवढंच की डिस्क टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असेल तर काढा आणि माळ्यावर ठेवा, झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. आगीला याचा उपयोग नाही, उलट आगीत वरच जास्त तापतं, पण तुमच्या घराला धोका पाण्याचा जास्त आहे तर आधी त्याचा बंदोबस्त करू. तसंही आग लागलेल्या घरात पाणी येतंच, बंबाचं. ज्वाळा ज्या खोलीत गेल्याच नाहीत तिथेसुद्धा छतातून गळून सगळं भिजलेलं असतं आणि काजळी आत शिरून सर्किट गंजतं ते वेगळंच.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, नारायण पेठेत राहतो. मुलगा परदेशी. घरातले जुने फोटो, वडिलांची पत्रं सगळं दोन वर्षं बसून स्कॅन केलं, साधारण तीनशे जीबी झालं. मुलगा म्हणतो एक कॉपी घराबाहेर ठेवा, पण बाहेर म्हणजे नक्की कुठे? शेजारी चालेल का? आणि दुसऱ्याच्या घरी आपलं खासगी सामान ठेवायचं म्हणजे मन धजत नाही. (एक ज्येष्ठ वाचक)

काका, तुम्ही नारायण पेठेतले, तुम्हाला पानशेत मी काय सांगणार. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या किती घरांतले फोटो, पत्रिका, दप्तरं गेली त्याला मोजदाद नाही. आमच्या घरी आजी कुठलीही जुनी वस्तू निघाली की "पानशेतात गेलं ते" एवढंच म्हणायची. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आज आमच्याकडे आहे आणि तो पुण्याच्या घरातला नाहीच, आजीने तो कधीतरी साताऱ्याला नणंदेला पाठवला होता, तिथल्या फळीवर फ्रेममध्ये होता म्हणून राहिला. फ्रेमच्या मागे आजीच्या अक्षरात "वन्संस स. न." एवढंच लिहिलेलं आहे. कोणी बॅकअप म्हणून पाठवला नव्हता, माया म्हणून पाठवला होता, पण वाचला तो त्यामुळेच.

तर बाहेर म्हणजे असं. शेजारी नको, वरच्या मजल्यावरही नको, कारण इमारत एकच, जिन्याखालचा मीटर बॉक्स एकच आणि पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेल्या गाड्याही त्याच. पलीकडच्या गल्लीत पण नको. नदीच्या या काठावरून त्या काठावर नेऊन ठेवलं तरी पाणी एकच आहे, जुलै २०२४ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी गेलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. दुसरं गाव सगळ्यात चांगलं, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर, पहिल्या मजल्याच्या वर. बहीण, भाची, जुना विद्यार्थी, ज्यांच्याकडे तुमचं वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं असं घर निवडा, कारण कॉपी नुसती नेऊन ठेवून भागत नाही, ती बदलत राहायला हवी.

मी सांगतो कसं करा. तीन सारख्या डिस्क घ्या, तीनशे जीबीला पाचशेची भरपूर झाली. एक घरी, एक बहिणीकडे, आणि तिसरी फिरती. पाडव्याला घरची नवी कॉपी तिसरीवर करायची, ती घेऊन जायचं, तिथली जुनी परत आणायची. गणपतीत परत तसंच, दिवाळीत परत. असं केलं की सगळ्या कॉप्या एकाच वेळी तुमच्या घरात आहेत असा दिवस येतच नाही, प्रवासात पिशवी हरवली तरी एक तिकडे आणि एक इकडे असतेच. सणाला जोडून ठेवलं की विसरत नाही, "दर चार महिन्यांनी" असं ठरवलं की विसरतंच.

आणि प्रत्येक वेळी आणलेली जुनी डिस्क लावून दहा-बारा फायली खरंच उघडून बघा. नुसती नावं दिसतायत म्हणून समाधान मानू नका, फोटो उघडा, पत्र वाचता येतंय का बघा. कॉपी अर्धवट झालेली वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही हे मी फार वेळा बघितलंय.

खासगीपणाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. डिस्कला पासवर्ड घालता येतो, म्हणजे आतलं सगळं सांकेतिक होऊन जातं. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर त्यातच आहे, नाहीतर व्हेराक्रिप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पण काका, हे करताना एक फार जपायचं. पासवर्ड विसरला आणि बिटलॉकरने दिलेली रिकव्हरी कीही जवळ नसेल तर ती डिस्क कोणीही उघडू शकत नाही, मी नाही, कंपनी नाही. तो कागदावर लिहा, एक कागद घरी आणि एक मुलाकडे. डिस्कजवळ ठेवू नका आणि फक्त लॅपटॉपमध्येही ठेवू नका, लॅपटॉप जळाला तर पासवर्डही त्यातच जाईल. आणि खरं सांगू का, जुने कौटुंबिक फोटोच असतील, बँकेचं-बिंकेचं काही नसेल, तर ज्येष्ठ माणसाने पासवर्ड घालूच नये असं माझं मत आहे. चोरापेक्षा विसरण्याचा धोका मोठा असतो.

प्रश्न: माझे सगळे फोटो गूगलवर आहेत. मग हे डिस्क नेणं-आणणं कशाला? (फर्ग्युसनला शिकणारी एक वाचक)

तुझं निम्मं बरोबर आहे. घराला आग लागली तर क्लाउडवरचं सुरक्षित राहतं आणि ज्याचं काम गूगलच्या फुकटच्या पंधरा जीबीत भागतं त्याने ते जरूर वापरावं. मोठ्या डेटाचं मात्र गणित करून बघ, एक टीबी चढवायला शंभर एमबीपीएसच्या अपलोडने अखंड बावीस तास लागतात, तेही कागदावर, घरी दोन-तीन दिवस धर.

पण फोन आणि गूगल हे एकमेकांचे आरसे असतात. फोनची जागा भरली म्हणून तू गूगल फोटोज उघडून तिथून फोटो उडवलेस की ते क्लाउडवरूनही उडतात, साठ दिवस ट्रॅशमध्ये राहतात, मग कायमचे जातात. ते पंधरा जीबीसुद्धा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मिळून आहेत. आणि दोन वर्षं अकाउंट वापरलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, हा नियम आजी-आजोबांच्या नावाने उघडून ठेवलेल्या अकाउंटना लागतो, तिकडे एकदा बघ.

क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी गावातल्या इमारतीतली यंत्रंच असतात. २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टीबीचा साठा जळाला. त्याची बाहेर कुठेही कॉपी नव्हती, आकार फार मोठा आहे म्हणून ठेवलेली नव्हती. गूगलचं असं होईल असं मी म्हणत नाही, ते एकाहून जास्त ठिकाणी ठेवतात. पण अकाउंट हॅक झालं, नंबर बदलला आणि ओटीपी येईना, अशी मुलं माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात. वर्षातून एकदा गूगल टेकआउटने सगळं उतरवून घे आणि एका डिस्कवर ठेव. तुझं गाव पुण्याबाहेर असेल तर सुट्टीला जाताना ती आईकडे ठेवून ये.

आधार, मार्कशीट, लायसन्स यांच्यासाठी डिजिलॉकर वापर. ज्या संस्थेने कागद दिलाय तिच्याकडूनच तो तिथे येतो, त्यामुळे मूळ कागद जळला तरी तो चालतो. तू स्वतः स्कॅन करून चढवलेला मात्र तसा चालत नाही, एवढा फरक लक्षात ठेव.

प्रश्न: बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांबरोबर हार्ड डिस्क ठेवली तर? (बिबवेवाडी)

ठेवा, चांगली जागा आहे, फक्त शाखा तळघरात आणि ओढ्याकाठी नाही ना एवढं बघा. १ जानेवारी २०२२पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बँकेच्या हलगर्जीपणामुळे आग, चोरी वगैरे झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट भरपाई द्यावी लागते, पण पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीला बँक जबाबदार नाही. आणि भरपाई मिळाली तरी ती पैशांत, फोटो त्यातून परत येत नाहीत. म्हणून लॉकरमधली डिस्क तिसरी कॉपी असू दे, एकुलती एक नको. लॉकरला आपण वर्षातून एकदा जातो, तेवढीच ती ताजी राहणार हेही धरून चाला.

प्रश्न: आईच्या गाण्याच्या तीस कॅसेट आहेत, ती रेडिओवर गायची. मी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. आता मूळ कॅसेट टाकून देऊ का? जागा फार अडते. (शनिवार पेठ)

ताई, टाकू नका, कृपा करून. कॅसेट हीच तुमची दुसऱ्या प्रकारची कॉपी आहे, ती व्हायरसने जात नाही आणि चुकून डिलीटही होत नाही. शिवाय आज तुम्ही उतरवून घेतलंय त्यापेक्षा चांगल्या यंत्रावर पुढे कोणीतरी परत उतरवू शकेल.

लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला जानेवारी २००३मध्ये आग लागली होती, तिथे आपल्या फिल्म अर्काइव्हच्या जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या होत्या. नायट्रेट एकदा पेटलं की विझवता येत नाही, त्याच्यातच ऑक्सिजन असतो, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. ज्यांची कॉपी आधीच सेफ्टी फिल्मवर, म्हणजे तशी न भडकणाऱ्या फिल्मवर, काढून वेगळी ठेवलेली होती त्यांचं निदान चित्र तरी हातात राहिलं. तुमच्या कॅसेट तशा भडकणाऱ्या नाहीत, पण आज कॅसेटचं खोकं आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतील तर दोन्ही एकदमच जातील.

तर असं करा, खोकं मुलीकडे किंवा भावाकडे हलवा, म्हणजे तुमची जागाही मोकळी होईल आणि कॅसेट एका घरात, उतरवलेलं दुसऱ्या घरात असं होईल. खोकं स्पीकरजवळ ठेवू नका म्हणावं, लोहचुंबकाने टेप खराब होते, आणि बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको, पावसाळ्यात ओल येते. प्रत्येक कॅसेटवर गाणं, तारीख, पेटी-तबल्याला कोण होतं ते आई आहे तोवर तिला विचारून लिहून घ्या, आणि त्या कागदाचा फोटो काढून फायलींबरोबर ठेवा. आईला माझा नमस्कार सांगा.